ध्रुवीय प्रकाश आणि नरसाळ्याची उपमा : ग्रहाचे चुंबकीय क्षेत्र नेमके काय करते?

उत्तररात्र (धागालेखक)

गेली सहा वर्षे मी नोकरीनिमित्त उत्तर नॉर्वेतील ट्रॉम्सो येथे राहते. सप्टेंबर ते मार्च या काळात आकाश निरभ्र असले की येथे ध्रुवीय प्रकाश दिसणे नवलाचे राहत नाही. तरीही एका गोष्टीकडे लक्ष जाण्यास मला दोन हिवाळे लागले. प्रकाशाचा पडदा सरकत डोक्यावर येतो तेव्हा त्याच्या उभ्या शलाका एका बिंदूत मिळाल्यासारख्या दिसतात, छत्रीच्या काड्या टोकाशी मिळतात तशा. हा बिंदू बरोबर माथ्यावर असणार असे मी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात तो माथ्यापासून दक्षिणेकडे सुमारे बारा अंश झुकलेला असतो. हात लांब करून मूठ आकाशाकडे धरली तर मुठीची रुंदी साधारण दहा अंश भरते. म्हणजे मुठीहून थोडे अधिक अंतर झाले.

चुंबकसूची उभ्या पातळीत मोकळी सोडली तर ट्रॉम्सोला ती क्षितिजाशी सुमारे ७८ अंशांचा कोन करून थांबते. नव्वदातून अठ्ठ्याहत्तर वजा केले की तेच बारा अंश उरतात. शलाका खरे तर परस्परांना समांतर असतात आणि लोहमार्गाचे रूळ दूरवर मिळाल्यासारखे दिसतात तशा त्या मिळाल्यासारख्या दिसतात. पृथ्वीच्या चुंबकीय बलरेषा डोळ्यांनी पाहण्याची याहून सरळ रीत मला माहीत नाही.

हा धागा काढण्याचे कारण मात्र वेगळे आहे. पाठ्यपुस्तकांत आणि वर्तमानपत्रांत एक वाक्य वर्षानुवर्षे फिरत आहे : सूर्याकडून आलेले कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात सापडतात, नरसाळ्यातून तेल उतरावे तसे ध्रुवांवर उतरतात आणि हवेवर आदळून प्रकाश देतात. हे वाक्य मला तीन कारणांनी पटत नाही. नरसाळे असते, तर ऐन चुंबकीय ध्रुवावर सर्वाधिक उजेड दिसला असता. प्रत्यक्षात प्रकाश ध्रुवाभोवती कड्यासारखा असतो आणि कड्याच्या आतला भाग बहुधा काळोखा राहतो. दुसरे असे की, सौरवाताबरोबर (सूर्यापासून सतत वाहणाऱ्या विद्युतभारित कणांच्या प्रवाहाबरोबर) येणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा दहा इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास असते, तर ट्रॉम्सोवर हिरवा पडदा पेटवणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा एक हजारापासून दहा हजारांपर्यंत भरते. ही वाढ कोठून झाली? आणि तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते : कण सूर्याकडून येत असतील, तर सूर्याकडे पाठ असलेल्या बाजूला, मध्यरात्रीच्या सुमारास, प्रकाश सर्वांत प्रखर का होतो?

जाणकारांनी लिहावे. इतर ग्रहांचे दाखले आले तर फार बरे, कारण एकाच ग्रहाकडे पाहून कोणता गुण चुंबकीय क्षेत्राचा आणि कोणता केवळ पृथ्वीचा, हे वेगळे करता येत नाही.


निरभ्र

उत्तम विषय. मी नववी-दहावीला विज्ञान शिकवतो आणि नरसाळ्याची उपमा मीही वापरलेली आहे. ती टाकायची झाली, तर तिच्या जागी मुलांपुढे काय ठेवावे, हे कोणी सांगावे अशी विनंती आहे. नुसते ‘हे चूक आहे’ म्हणून वर्गात भागत नाही.


गणिती

नरसाळ्याची उपमा अपुरी तर आहेच, पण एका बाबतीत ती वस्तुस्थितीच्या नेमकी उलट आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

विद्युतभारित कण बलरेषेभोवती गिरक्या घेत तिच्या दिशेने पुढे सरकतो. बलरेषा एकमेकींजवळ येऊ लागल्या, म्हणजेच क्षेत्र तीव्र होऊ लागले, की कणाच्या गतीचा अधिकाधिक वाटा गिरक्यांकडे वळतो आणि पुढे सरकण्याची गती घटत जाते. एका ठिकाणी ती शून्य होते आणि कण आल्या वाटेने परततो. याला चुंबकीय आरसा म्हणतात. ध्रुवांकडे बलरेषा दाट होतात, म्हणजे ज्या निमुळतेपणामुळे आपल्याला नरसाळे आठवते, तोच निमुळतेपणा कणांना आत येऊ देत नाही.

आकडे घालून पाहू. पृथ्वीच्या रात्रीच्या बाजूला चुंबकीय क्षेत्राचे लांब शेपूट आहे, त्याला चुंबकपुच्छ म्हणू. तेथील मधल्या पट्ट्यात क्षेत्राची तीव्रता २० नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) धरली आणि ध्रुवप्रदेशात वातावरणाच्या वरच्या कडेशी ५०,००० धरली, तर दोहोंचे गुणोत्तर २,५०० येते. आरशाच्या नियमानुसार, निघताना ज्या कणाची दिशा बलरेषेशी साधारण एका अंशाहून थोड्या अधिक कोनाच्या आत असेल, तोच वातावरणापर्यंत पोहोचेल. सर्व दिशांना सारखे निघालेले कण घेतले तर पृथ्वीकडे जाणाऱ्या दर दहा हजारांपैकी दोनच पार होतात. एवढ्याशा कणांनी मंद, पसरट उजेड पडतो. धारदार कडांचा पडदा त्यातून उभा राहणे अवघड आहे.

पडद्यासाठी आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे विद्युतप्रवाह. चुंबकपुच्छातील प्लाझ्मा (विद्युतभारित कणांचा वायू) एका गतीने सरकतो आणि खालचे आयनांबर (वातावरणाचा वरचा, विद्युतभारित थर) हवेच्या घर्षणामुळे मागे रेंगाळते. दोहोंना जोडणाऱ्या बलरेषा मग पिळल्या जातात, आणि बलरेषा पिळणे म्हणजेच त्यांच्या दिशेने प्रवाह वाहणे. हे प्रवाह दहा लाख अँपिअर आणि त्याहून अधिक असतात. जेथे प्रवाह वर जातो तेथे इलेक्ट्रॉन खाली यावे लागतात, पण आरसा त्यांना येऊ देत नाही. परिणामी काही हजार किलोमीटर उंचीवर बलरेषेच्याच दिशेने काही हजार व्होल्टचे विभवांतर उभे राहते आणि इलेक्ट्रॉनांना आरशातून खाली ढकलते. धागालेखकांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. इलेक्ट्रॉनांना ही ऊर्जा सूर्यापाशी मिळालेली नसते. तिचा शेवटचा आणि मोठा हप्ता आपल्या डोक्यावर काही हजार किलोमीटरवरच मिळालेला असतो.

नॉर्वेचे भौतिकशास्त्रज्ञ क्रिस्टियान बिर्केलांड यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच असे प्रवाह असले पाहिजेत असे मांडले होते. निर्वात पेटीत विद्युतचुंबक भरलेला गोळा टांगून त्यांनी त्याच्या ध्रुवांभोवती प्रकाशाची कडी उमटवून दाखवली होती. त्यांचे म्हणणे अनेक दशके बाजूला पडले. १९६० च्या दशकात उपग्रहांवरील चुंबकमापकांनी हे प्रवाह प्रत्यक्ष मोजले, तेव्हा बिर्केलांड यांना जाऊन जवळपास पन्नास वर्षे झाली होती.


उत्तररात्र

गणिती, आभार. आरशाचा हिशोब इतक्या स्वच्छपणे मी वाचला नव्हता. मध्यरात्रीचा प्रश्न उरतो. त्याबद्दल मला जे समजले आहे ते लिहिते, चुकल्यास दुरुस्त करावे.

जेम्स डंजी यांनी १९६१ मध्ये मांडलेली कल्पना अशी. सौरवात स्वतःबरोबर सूर्याचे चुंबकीय क्षेत्र वाहून आणतो. विषुववृत्ताच्या वर पृथ्वीच्या बलरेषा उत्तरेकडे असतात. सौरवातातील क्षेत्र दक्षिणाभिमुख असेल, तर दिवसाच्या बाजूला, पृथ्वीच्या त्रिज्येच्या साधारण दहापट अंतरावर, दोन्हीकडच्या बलरेषा तुटून एकमेकींशी जुळतात. असे झाले की एक टोक पृथ्वीत आणि दुसरे सौरवातात अशी ‘उघडी’ बलरेषा तयार होते. वाहता सौरवात तिला ध्रुवावरून ओढत मागे नेतो, चुंबकपुच्छात अशा बलरेषांचा साठा होत जातो आणि पुच्छ ताणले जाते. शेवटी मागे त्या पुन्हा जुळतात आणि गोफण सुटावी तसा प्लाझ्मा पृथ्वीच्या दिशेने फेकला जातो. म्हणून उजेड रात्रीच्या बाजूला. कण सूर्याचे असोत वा आपल्याच वातावरणाच्या वरच्या थरातून निसटलेले असोत (दोन्ही असतात), ते मागच्या दाराने येतात.

कड्याचे कोडेही यातून सुटते. कड्याच्या आत ध्रुवावर उघड्या बलरेषा, बाहेर बंद बलरेषा, आणि प्रकाश दोहोंच्या सीमेलगत. पुच्छात साठा वाढला की आतला प्रदेश मोठा होतो आणि कडे विषुववृत्ताकडे सरकते. वादळाच्या रात्री प्रकाश दक्षिणेकडे का येतो, तर चुंबकीय क्षेत्राची वाटणी बदललेली असते. येथे मी हे अनेकदा पाहिले आहे : संध्याकाळी उत्तर क्षितिजावर करडी, जवळपास रंगहीन कमान उभी असते, ती तासाभरात हळूहळू माथ्याकडे सरकते, मग अचानक तिची खालची कड उजळते, हिरव्याखाली गुलाबी किनार येते आणि दोन-तीन मिनिटांत सारे आकाश हलू लागते. कमान सरकत होती तो साठवणीचा काळ आणि उजळली तो सुटण्याचा. स्युन-इची आकासोफू यांनी १९६४ मध्ये हा क्रम नीट लावून दाखवला.


क्षितिज_पार

एक दुरुस्ती सुचवतो. नरसाळे अगदीच खोटे नाही. दिवसाच्या बाजूला, दोन्ही चुंबकीय ध्रुवांकडे, क्षेत्रात खरोखरच एकेक खाच आहे. तेथून सौरवाताचे कण बऱ्यापैकी थेट खाली येतात. स्वालबार्ड बेटांवर डिसेंबर-जानेवारीत दुपारी बारा वाजताही काळोख असतो, त्यामुळे तेथून हा दिवसाचा ध्रुवीय प्रकाश डोळ्यांनी दिसू शकतो. आणि तो प्रामुख्याने लाल असतो! कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन खोलवर शिरत नाहीत, दोन-अडीचशे किलोमीटरच्या वरच थांबतात, आणि तेथील विरळ ऑक्सिजन ६३० नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश देतो. हिरव्यासाठी शंभर-दीडशे किलोमीटरपर्यंत उतरावे लागते.

म्हणजे नरसाळ्यातून खरेच काय उतरते ते पाहायचे तर हा फिकट लाल उजेड पाहावा. ट्रॉम्सोचा हिरवा पडदा हे वेगळे प्रकरण आहे.


उत्तररात्र

मान्य आहे. ही खाच माझ्या लिहिण्यातून सुटली होती, आणि रंगातला हा फरक म्हणजे गणितींनी सांगितलेल्या विभवांतराचा दृश्य पुरावाच झाला.


समुद्रकाठ

मी अलिबागचा आहे, म्हणून या विषयाची एक बाजू येथे नोंदवणे मला कर्तव्य वाटते. ध्रुवीय प्रकाश आमच्या किनाऱ्यावरून दिसत नाही. तो ज्या वादळातून जन्मतो त्याची नोंद मात्र येथे होत आली आहे.

मुंबईत कुलाबा वेधशाळा १८२६ मध्ये स्थापन झाली आणि १८४१ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचे मापन सुरू झाले. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर प्रखर झळाळी पाहिली. साडेसतरा तासांच्या आसपास वेळ गेला आणि वादळ पृथ्वीवर येऊन थडकले. मुंबईत तेव्हा २ सप्टेंबरचा दिवस वर आला होता. कुलाब्याच्या निरीक्षकांनी नेहमीच्या तासाच्या नोंदी सोडून मिनिटांच्या अंतराने वाचन घेतले आणि क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी कोसळल्याचे कागदावर उतरले. त्या वादळात विषुववृत्ताजवळच्या प्रदेशातून मिळालेली ही बहुमोल नोंद आहे. २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी आणि नवी मुंबईतील भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ती पुढे आणली, आणि आज जगात कोठेही कॅरिंग्टन वादळाचा हिशोब मांडताना कुलाब्याचा आलेख समोर ठेवला जातो. ही घट पृथ्वीभोवती फिरणाऱ्या वलयप्रवाहामुळे झाली की ध्रुवीय प्रकाशाचे प्रवाहच खूप खाली सरकले होते, यावर अद्याप चर्चा चालू आहे.

पुढे मुंबईत विजेवरच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले. त्यांच्या प्रवाहांनी नाजूक मापने बिघडली असती, म्हणून १९०४ मध्ये चुंबकीय वेधशाळा अलिबागला आली. इमारतीत चुंबकीय साहित्य येऊ नये याची काळजी घेतली गेली. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई फ्रामजी मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदी संपादित करून १९१० मध्ये छापल्या. त्या छापल्या नसत्या, तर २००३ मध्ये हाती काय लागले असते याचा विचार मी अनेकदा करतो.

आणखी एक नोंद. ४ फेब्रुवारी १८७२ च्या महावादळात खुद्द मुंबईतून ध्रुवीय प्रकाश दिसल्याचे त्या वेळच्या वृत्तपत्रात आले होते, आणि मुंबई-एडन समुद्री तारेवरचे संदेशवहन काही तास विस्कळीत झाले होते. मुंबईचे चुंबकीय अक्षांश (चुंबकीय विषुववृत्तापासून मोजलेले) जेमतेम दहा अंश!


निरभ्र

दहा अंशांवर? कडे मुंबईपर्यंत खाली आले होते असे समजायचे का?


गणिती

तसे समजण्याची गरज नाही. प्रकाश किती दूरवरून दिसेल हे त्याच्या उंचीवर ठरते. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर घेतली, तर ११० किलोमीटर उंचीवरचा हिरवा प्रकाश सुमारे १,२०० किलोमीटरवरून क्षितिजाला टेकलेला दिसेल. अंशांत सांगायचे तर साधारण अकरा. ४०० किलोमीटर उंचीवरचा लाल प्रकाश वीस अंशांवरून, आणि ६०० किलोमीटर उंचीचा चोवीस अंशांवरून दिसेल. मोठ्या वादळात लाल शलाका याहूनही वर पोहोचतात. तेव्हा १८७२ मध्ये कडे खूप खाली आले होते हे खरे, पण मुंबईच्या डोक्यावर येण्याची आवश्यकता नव्हती.

लडाखमधील हान्ले येथे १० मे २०२४ च्या रात्री जे दिसले त्याचेही स्पष्टीकरण हेच. भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या वेधशाळेतील संपूर्ण आकाश टिपणाऱ्या कॅमेऱ्याने उत्तर क्षितिजालगत तांबडी आभा नोंदवली. हिरवा भाग पृथ्वीच्या वक्रतेआड राहिला, वरचा लाल भाग तेवढा हान्लेतून दिसला. साडेचार हजार मीटर उंचीवरची कोरडी हवा आणि दिव्यांचा अभाव यांचाही त्यात वाटा आहे.


चतुश्चंद्र

इतर ग्रहांचे दाखले मागितले होते, म्हणून गुरूबद्दल लिहितो. माझ्या मते ध्रुवीय प्रकाश समजून घ्यायचा असेल तर गुरू अभ्यासल्यावाचून गत्यंतर नाही, कारण तेथे सूर्याचा वाटा गौण ठरतो.

गुरूच्या चुंबकाचे बल पृथ्वीच्या सुमारे वीस हजार पट आहे आणि ग्रह स्वतःभोवती ९ तास ५५ मिनिटांत फिरतो. त्याचा उपग्रह आयो हा सूर्यमालेतील सर्वांत जागृत ज्वालामुखींचा गोळा. त्याच्या भोवतालातून दर सेकंदाला साधारण एक टन सल्फर व ऑक्सिजनयुक्त द्रव्य अवकाशात जाते, त्याचे आयन बनतात आणि आयोच्या कक्षेत प्लाझ्माचे जाड कडे तयार होते. गुरूचे क्षेत्र या प्लाझ्माला स्वतःबरोबर दहा तासांत एक फेरी घालायला लावते. प्लाझ्मा हळूहळू बाहेर सरकतो. जात्यात घातलेले धान्य पाळूबरोबर फिरत कडेकडे जाते तसे डोळ्यांसमोर आणावे, पण जात्याला कड असते, येथे नाही. गुरूच्या वीस-तीस त्रिज्यांवर क्षेत्राची पकड सैल होते, प्लाझ्मा मागे पडतो, बलरेषा पिळल्या जातात, आणि गणितींनी वर सांगितलेलेच सारे घडते : प्रवाह, खाली येणारे इलेक्ट्रॉन, प्रकाश. गुरूच्या ध्रुवाभोवतीचे मुख्य कडे हे या मागे पडण्याचे चिन्ह आहे. म्हणूनच ते कायम पेटलेले असते. पृथ्वीसारखी वादळाची वाट पाहावी लागत नाही. ऊर्जा ग्रहाच्या स्वतःच्या फिरण्यातून येते. सौरवाताच्या दाबाने त्याची प्रखरता कमीजास्त होते, एवढेच.

हा प्रकाश मुख्यतः जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) आणि अवरक्त (इन्फ्रारेड) असल्याने आपल्या डोळ्यांना दिसला नसता; व्हॉयेजर यानांनी १९७९ मध्ये तो प्रथम स्पष्टपणे टिपला. हबल दुर्बिणीच्या चित्रांत मुख्य कड्याबाहेर एक वेगळा ठिपका आणि त्यामागे शेपटी दिसते. तो आयोचा पदचिन्हासारखा ठसा आहे. आयो गुरूभोवती ४२ तासांत फिरतो, प्लाझ्मा दहा तासांत. त्यामुळे प्लाझ्मा सेकंदाला ५७ किलोमीटर वेगाने आयोला मागून गाठतो, त्या धक्क्याच्या लहरी बलरेषेवरून गुरूपर्यंत जातात आणि तेथे ठिपका उमटतो. युरोपा आणि गॅनिमीड यांचेही ठसे आहेत. मला हे फार सुंदर वाटते : चंद्र लाखो किलोमीटर दूर, आणि बलरेषेचे दुसरे टोक कोठे टेकते ते प्रकाशाने दाखवलेले.

येथेच क्षेत्राचा आकार कळतो. आयोची कक्षा जवळपास वर्तुळ आहे, तेव्हा गुरूचे क्षेत्र साध्या पट्टीचुंबकासारखे असते तर ठशाचा मार्गही वर्तुळाच्या जवळचा असता. दक्षिणेकडे तो बराच तसा आहे. उत्तरेकडे मात्र तो एका बाजूला दबलेला, घेवड्याच्या दाण्यासारखा आहे. उत्तर गोलार्धात क्षेत्र वेडेवाकडे आहे हे त्यावरून ओळखले गेले आणि जुलै २०१६ पासून गुरूभोवती फिरणाऱ्या जुनो यानाने ते प्रत्यक्ष मोजून पक्के केले.

जुनोने एक अडचणही उभी केली आहे, ती प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ध्रुवांवरून जाताना यानाला चार लाख व्होल्टपर्यंतची विभवांतरे आढळली, म्हणजे पृथ्वीच्या अनेक पटींनी अधिक. तरीही सर्वांत प्रखर प्रकाशाच्या वर बहुतेक वेळा एका ठराविक ऊर्जेचे इलेक्ट्रॉन मिळाले नाहीत. सर्व ऊर्जांचे सरमिसळ, आणि वर व खाली दोन्ही दिशांना जाणारे मिळाले. लहरींच्या गोंधळातून त्यांना गती मिळत असावी असे आता मानले जाते. त्यामुळे वर लिहिलेले प्रवाहांचे चित्र मूळ रूपरेषा म्हणून घ्यावे, शेवटचा शब्द म्हणून नव्हे.


निरभ्र

जात्याची उपमा वर्गात नेतो. नरसाळ्याच्या जागी पृथ्वीसाठी ताणलेली गोफण आणि गुरूसाठी जाते, एवढे मुलांना नक्की समजेल.


लालमाती

मग ज्या ग्रहाला असे क्षेत्रच नाही त्याचे काय? मंगळ हे त्याचे उत्तर आहे. मंगळाचे जागतिक चुंबकीय क्षेत्र सुमारे चार अब्ज वर्षांपूर्वी विझले. उरले आहेत ते दक्षिण गोलार्धातील जुन्या खडकांत गोठलेले चुंबकत्वाचे तुकडे. तेव्हा कडे नाही, ध्रुवांचा संबंध नाही. मार्स एक्सप्रेस यानाला जो प्रकाश आढळला (२००५ मध्ये तो जाहीर झाला) तो या तुकड्यांच्याच वर, लहान लहान डागांच्या रूपात होता. सौरवातातून येणाऱ्या बलरेषा जेथे या तुकड्यांच्या बलरेषांशी जुळतात, तेथे वाट मिळते.

त्याउलट मेव्हन यानाने डिसेंबर २०१४ मध्ये उत्तर गोलार्धभर पसरलेला मंद जंबुपार प्रकाश पाहिला. सूर्याने फेकलेले ऊर्जावान इलेक्ट्रॉन आडकाठीविना सरळ खाली उतरल्याचा तो परिणाम. धारदार पडदा नाही, आकार नाही, नुसती आभा. आणि मार्च २०२४ मध्ये पर्सिव्हरन्स बग्गीने मंगळाच्या जमिनीवरून हिरवा प्रकाश टिपला, ऑक्सिजनचा तोच ५५७.७ नॅनोमीटरचा, जो ट्रॉम्सोला दिसतो. दुसऱ्या ग्रहाच्या पृष्ठभागावरून दृश्य ध्रुवीय प्रकाश नोंदवला जाण्याची ती पहिली वेळ. ‘ध्रुवीय’ हा शब्द तेथे लागू पडत नाही, ही बाब मात्र मला खटकते. मराठीत निराळा शब्द हवा.

थोडक्यात, प्रकाश पडायला वातावरण आणि कण पुरतात. त्याला रूप यायला चुंबकीय क्षेत्र लागते.


क्षितिज_पार

शेवटच्या वाक्याशी सहमत आहे. बुध हे याचे दुसरे टोक. क्षेत्र आहे (पृथ्वीच्या सुमारे एक टक्का), पण वातावरण नावापुरतेच. तेथे इलेक्ट्रॉन सरळ खडकांवर आदळतात आणि क्ष-किरण निघतात.


गणिती

युरेनस आणि नेपच्यून यांचा उल्लेख राहू नये. युरेनसचा चुंबकीय अक्ष भ्रमणाक्षाशी ५९ अंशांनी कललेला, नेपच्यूनचा ४७ अंशांनी, आणि दोन्ही चुंबक ग्रहाच्या केंद्रापासून बाजूला सरकलेले, असे व्हॉयेजर-२ ने १९८६ आणि १९८९ मध्ये मोजले. मग प्रकाश कोठे दिसावा? भौगोलिक ध्रुवांपासून खूप दूर, मध्य अक्षांशांवर. जेम्स वेब दुर्बिणीने जून २०२३ मध्ये घेतलेल्या निरीक्षणांत नेपच्यूनवर तो तसाच आढळला. हे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. याउलट शनीचे दोन्ही अक्ष जवळपास एकरूप आहेत, म्हणून त्याचे कडे ध्रुवाभोवती छान गोल बसते.


निरभ्र

एक शंका राहिली. पृथ्वीचा उत्तर चुंबकीय ध्रुव कॅनडाकडून सायबेरियाकडे वेगाने सरकत असल्याच्या बातम्या येतात. मग ट्रॉम्सोचा प्रकाशही त्याबरोबर सरकणार का?


गणिती

बातम्यांतला ध्रुव म्हणजे जेथे चुंबकसूची सरळ खाली उभी राहते ती जागा. १८३१ मध्ये जेम्स क्लार्क रॉस यांनी ती कॅनडाच्या उत्तरेकडील बूथिया द्वीपकल्पावर शोधली आणि गेल्या काही दशकांत ती वर्षाला पन्नास किलोमीटरच्या आसपास सरकत होती, अलीकडे काहीशी मंदावली आहे. पण तिच्यावर पृथ्वीच्या गाभ्यातील स्थानिक उंचसखलपणाचा मोठा प्रभाव असतो. क्षेत्राचे असे बारीक तपशील अंतराबरोबर झपाट्याने विरतात. काही त्रिज्यांवर गेले की उरतो तो प्रामुख्याने एक साधा, कललेला पट्टीचुंबक. ध्रुवीय प्रकाशाच्या बलरेषा फार दूरवर जाऊन येत असल्याने कडे या साध्या चुंबकाच्या ध्रुवाभोवती बसते. तो ध्रुव आज कॅनडाच्या एल्समिअर बेटावर, सुमारे ८१ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि पुष्कळ सावकाश सरकतो.

याचा परिणाम नकाशावर पाहता येतो. कॅनडातील चर्चिल गाव ५८.८ अंशांवर असूनही कड्याच्या खाली येते आणि तेथे लोक ध्रुवीय प्रकाश पाहण्यासाठी मुद्दाम जातात. सायबेरियातील याकुत्स्क ६२ अंशांवर, म्हणजे भौगोलिक ध्रुवाला अधिक जवळ, तरी तेथे तो दुर्मीळ आहे. चुंबकाचा कल कॅनडाकडे आहे, याशिवाय दुसरे कारण नाही.


उत्तररात्र

म्हणजे कड्याच्या जागेवरून चुंबकाचा कल कळतो आणि आयोच्या ठशावरून गुरूच्या क्षेत्राची वाकडी बाजू. आणखी आत, गाभ्यापर्यंत किंवा पोटापर्यंत, असे पाहता येते का?


चतुश्चंद्र

गॅनिमीडच्या बाबतीत तसे झाले आहे. स्वतःचे चुंबकीय क्षेत्र असलेला हा एकमेव ज्ञात उपग्रह. गॅलिलिओ यानाने ते १९९६ मध्ये शोधले. त्याच्या विरळ ऑक्सिजनमुळे त्याच्याभोवती प्रकाशाचे दोन पट्टे असतात. गॅनिमीड गुरूच्या कललेल्या क्षेत्रात बुडालेला असल्याने, गुरू फिरेल तसे हे पट्टे वरखाली डुलतात. गॅनिमीडचे पोट नुसते बर्फाचे आणि खडकाचे असते तर ते साधारण सहा अंश डुलायला हवे होते. हबल दुर्बिणीच्या निरीक्षणांत ते दोनच अंश डुलताना दिसले. बर्फाखाली खारे, वीजवाहक पाणी असेल तर बदलत्या क्षेत्रामुळे त्यात प्रवाह निर्माण होतात आणि ते गुरूच्या बदलाला विरोध करतात, म्हणून डोलणे कमी. योआखिम झाउर आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये हा निष्कर्ष मांडला. युरोपचे ज्यूस यान एप्रिल २०२३ मध्ये निघाले आहे. ते जुलै २०३१ मध्ये गुरूपाशी पोहोचून २०३४ च्या अखेरीस गॅनिमीडभोवती कक्षेत शिरणार आहे आणि त्याच्यावर चुंबकमापक आहे. हबलच्या दोन अंशांची पडताळणी तेथे जागेवर होईल.